खबर देणाऱ्याचं नाव

भोकरदन,
१५ एप्रिल २००१

दादा,

नमस्कार. मोठ्या भावाला लिहायचा मायना मला पाठ आहे, तीस वर्षं पोरांना तोच शिकवत आले. पण एकोणीस वर्षांनी तो लिहायला हात धजत नाही, तेव्हा एवढ्यावर भागवून घे. अक्षर ओळखलं असशीलच. फाडू नकोस. खाली बस आणि पुरतं वाच. आपल्या धाकट्या केशरचं भांडण उकरून काढायला हे लिहिलेलं नाही.

माझी नात सुहासिनी, माझ्या लेकीची पोरगी, माझ्यापाशी राहून शिकते. चौदा वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. मागच्या महिन्यात शाळेच्या मैदानावर पळता पळता ती कोसळली. ठेच लागली नाही, धक्का लागला नाही. पळत होती आणि पालथी पडली. दोन मिनिटं श्वास कळेना. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. मी पोचले तोवर ती उठून बसली होती आणि मलाच विचारत होती, आजी, तू का रडतीस?

इथं फिटच्या गोळ्या दिल्या. मला पटेना, म्हणून औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली आणि ती टेबलावर पसरून बराच वेळ मोजत बसला. मग म्हणाला, आजी, तुमच्या घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलंय का? पळताना, पोहताना, दचकून? मी नाही म्हणाले. तो म्हणाला, नीट आठवा, हे रक्तातून येतं.

त्यानं मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. एक ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी सावरायला हृदयाला थोडा वेळ लागतो, हिच्या हृदयाला जरा जास्त लागतो. एरवी काही होत नाही. पण पळताना, पाण्यात, एकदम दचकल्यावर कधीतरी त्याची लय सुटते. कधी आपोआप परत येते, कधी येत नाही. रोज गोळी घेतली आणि पळणं-पोहणं सोडलं तर पोरगी म्हातारी होईल. पण हे कुणाकडून आलं ते कळलं पाहिजे, म्हणजे त्या बाजूच्या बाकीच्यांना जपता येईल.

जावयाच्या घरी सगळे ऐंशी-नव्वदीला जातात. मंग राहिलो आपण.

बाबांच्या कागदांची पिशवी माझ्याकडेच आहे. वारसाच्या नोंदीसाठी मीच कचेरीत खेटे घातले होते, तेव्हाचे मृत्यूचे दाखले त्यात निघाले. नंदाआत्याचा १९५१ चा, उर्दूत. रखमाजीकाकाचा १९६३ चा, त्यावर 'सर्पदंश'. आत्या गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, तू दहाचा. ती कशानं गेली? काका नक्की कशानं गेला? तू थोरला, तुला आठवत असेल. दोन ओळी लिही, जास्त मागत नाही.

केशरला यात मोजायचं कारण नाही. ती वर्षभर माझ्याकडे राहिली होती, ठणठणीत होती. तिचं काय झालं ते तुला, मला आणि गिरिजावहिनीला ठाऊक आहे.

दुर्गा


भोकरदन,
६ मे २००१

दादा,

तीन आठवडे झाले. पोस्टमनची वाट पाहणं सोडलं आणि स्वतःच निघाले.

आधी उर्दू दाखला कादर सरांना दाखवला. आमच्या शाळेतून निवृत्त झालेत, जुनं लिखाण वाचतात. त्यांनी कागद उजेडाला धरला आणि वाचलं : नंदाबाई, वय सोळा, वजह बुखार, खबर देणारा सगा भाई. म्हणजे आपले बाबा. मी म्हणाले, ताप होता तर. सर हसले. म्हणाले, "बाई, उस जमाने में बुखार लिखा तो कोई पूछताच नै था. पानी में गिरा लिखो, अचानक मरा लिखो, के आया पंचनामा, आई चीरफाड." घरच्या माणसानं तोंडी सांगायचं आणि पाटलानं लिहायचं, अशीच रीत होती. वैद्य कुणी बघितलाच नाही.

मंग मी कादर सरांना सोबत घेऊन आपल्या गावच्या तालुक्याला गेले आणि जुनं रजिस्टरच मागवलं. कारकून कुरकुरला, पण मास्तरीणबाईपुढं किती कुरकुरणार. दोघं दोन दिवस बसलो. दादा, त्या रजिस्टरात एक गंमत आहे. खऱ्या तापानं, हगवणीनं गेलेली माणसं कोतवाल आठवड्याच्या फेरीत गोळा करायचा. पाच-सहा नावं एकाच तारखेला, एकाच शाईनं, आणि खबर देणारा कोतवाल. घरात माणूस गेल्यावर त्याच दिवशी पाटलाकडे कोण पळतं? कुणी विचारायच्या आत ज्याला लिहून मोकळं व्हायचंय, तोच.

नंदाआत्याची नोंद मेली त्याच दिवशी, खबर देणारे बाबा. रखमाजीकाकाचीही त्याच दिवशी, खबर देणारे बाबाच.

इथं आपल्या गावच्या चतुराबाई आहेत, नातवाकडे राहतात, ऐंशीच्या पुढं. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, नंदीला कुठला ताप. पंचमीला आम्ही फुगडी खेळत होतो, हातातला हात सुटला अन् ती पडली ती पडलीच. घरचे म्हणाले बाहेरचं लागलं, बोभाटा करू नका, धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची हायेत.

काकाचं मलाच आठवतं. मी अठरा वर्षांची होते. बिचकलेल्या बैलामागं तो पळत गेला आणि बांधावर पडला. त्याच्या पायाला डंखाची खूण नाही, असं मी आईला म्हणाले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

शेवटी आपल्या गावी गेले. तुझ्या घरी नव्हे, घाबरू नकोस. ग्रामपंचायतीत. केशरचा दाखला काढला. २१ मे १९८२. कारण : ताप. नोंद त्याच दिवशी. खबर देणारा : भाऊ, धर्मराज.

तो कागद हातात धरून मी बाहेर कट्ट्यावर बसले. एकोणीस वर्षं मी एकच म्हणत आले, की केशर बेडकीसारखी पोहायची, ती बुडणार नाही, तिनं जीवच दिला. वहिनीनं सकाळी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तिला म्हटलं होतं, जा, जीव दे कुठंतरी. त्यावरून मी दहाव्याला काय काय बोलले ते तुला पाठ असेल. पण डॉक्टर म्हणाला, पोहताना. दादा, मला आता काहीच कळेना झालंय. ती विहिरीत कशी गेली? तू तिथं होतास का?

हे पुढचं मात्र आजच वाच आणि आजच कर. ग्रामसेवकानं मला अगदी कौतुकानं सांगितलं, की तुमचा भाचा देवानंद पोलीसभरतीला उतरलाय, पहाटे वाटूर फाट्यापर्यंत पळतो आणि येऊन विहिरीत दहा सूर मारतो. चार जूनला जालन्याला पाच किलोमीटरची धाव आहे. तशीच निघाले. तुझ्या आळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तू घातलेली शपथ आठवली, या उंबऱ्याला पाय लावलास तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही म्हणून सगळ्यांना सांगते. पण पाऊल पुढं पडलं नाही.

पोराला पळू देऊ नकोस. पाण्यात उतरू देऊ नकोस. आधी त्याची पट्टी काढ.

दुर्गा


भोकरदन,
२० मे २००१

दादा,

सहा तारखेचं रजिस्टर पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलंय, घेण्यास नकार. या पाकिटात तेही घातलं आहे.

फोनही केला. फाट्यावरच्या एसटीडीवाल्यानं तुला बोलावून आणलं. माझा आवाज ऐकून तू एवढंच म्हणालास, दाखला काढून केस कराय निघालीस का, आणि फोन ठेवलास. आठ मिनिटं थांबून पुन्हा लावला, तर तू निघून गेला होतास.

केस! अरे, एवढं ओळखलंस का मला? आणि ओळखलं नसशील तर तुझं तरी काय चुकलं. दहाव्याला तुझ्या बायकोला भर मांडवात खुनी म्हणणारी बाई एकोणीस वर्षांनी येऊन दाखल्याची नक्कल काढते, म्हणजे तिच्या मनात दुसरं काय असणार. ग्रामसेवकानं तुझ्या कानावर घातलं आणि तू पत्र परत पाठवलंस. कळलं मला. पण उशिरा कळलं.

कानात तेल घालून ऐक. मला केस करायची नाही. केशरची नाही, कुणाची नाही. मला पोरं जिवंत पाहिजेत.

मी माझीही पट्टी काढली. सुहासिनीसारखीच आहे. छप्पन्न वर्षं मी हे घेऊन फिरते आहे आणि मला एकदा घेरीसुद्धा आली नाही. डॉक्टर म्हणाला, काहींना आयुष्यभर काही होत नाही, पण त्यांच्यातून पुढं जातं. माझ्यातून लेकीत गेलं, लेकीतून पोरीत. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. बाबाही असेच असणार, सत्तरी गाठून गेले. मंग तुझ्यात असायला काय हरकत आहे, आणि तुझ्यात असलं तर देवानंदमध्ये?

डॉक्टरनं पुन्हा विचारलं, बहिणीला पूर्वी कधी घेरी आली होती का? मी म्हणाले, आठवत नाही.

असो.

दादा, मी तुझ्या पाया पडते. माझा राग माझ्यावर काढ, पोरावर काढू नकोस. चार जून जवळ आला. तू अडवलं नाहीस तर मी अडवीन, आणि मी कशी अडवते ते तुला माहीत आहे. लहानपणी तुझ्या हातातली गोफण मी दातांनी तोडली होती.

दुर्गा


जालना, बसस्टँड,
४ जून २००१

दादा,

हे पत्र देवानंदच्या हाती देते आहे, आता परत कसं करतोस ते बघते. वीस तारखेचंही तू घेतलं नाहीस. ते दोन्ही लिफाफे सोबत आहेत.

तो बरा आहे, हे आधी वाच. माझ्यासमोर बाकावर बसून भजी खातो आहे. माझ्याशी धड बोलत नाही, पण खातो आहे.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी आणि सुहासिनी निघालो. मैदानाच्या फाटकापाशी दोन-तीनशे पोरं, सगळी सारखीच, बनियन आणि चड्डी. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी ओळखलं. दोन्ही भुवया मध्ये जुळलेल्या, आपल्या केशरच्या. मी जाऊन दंड धरला. म्हणाले, देवानंद, मी तुझी आत्या. त्यानं दंड सोडवून घेतला आणि शांतपणे म्हणाला, "मला आत्या न्हाई. एक विहिरीत मेली, दुसरीनं माझ्या आईला खुनी केलं."

दादा, तिथंच जमीन दुभंगावी असं वाटलं. पण रडायला वेळ नव्हता. त्याच्या बॅचचा पुकारा सुरू झाला. मी पट्टीचं सांगू लागले तर तो ऐकेना. म्हणाला, आठ महिने पळून राह्यलो, एका ठिकाणी दम लागला न्हाई, अन् तुम्ही आज आल्या. आणि निघाला. त्याच्या हातात भरतीचं पत्र होतं. मी ते हिसकलं आणि फाडलं. चार तुकडे केले, आठ केले, तरी थांबले नाही. एक हवालदार धावत आला, तोही बघतच राहिला. देवानंदचा हात वर गेला होता. मी तोंड पुढं केलं, मार म्हणाले.

त्यानं मारलं नाही. सुहासिनी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. एवढीशी पोरगी. म्हणाली, "मामा, मीबी पळतच होते. मला दम लागला नव्हता. पडले ते मला कळलंसुद्धा न्हाई."

त्याची बॅच आत गेली. तो फाटकाबाहेर मातीत बसला.  आम्ही दोघी शेजारी बसलो. मग स्वतःच उठला आणि म्हणाला, चला, काढा तुमची पट्टी. चांगली निघाली तर माझी भरती परत आणून द्यायची. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

इथल्या डॉक्टरकडे पट्टी काढली. सुहासिनीची मी पिशवीतून काढून दिली. डॉक्टरनं दोन्ही टेबलावर एकाखाली एक ठेवल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि पोराला म्हणाला, आज धावला असतास तर कदाचित काही झालं नसतं. कदाचित झालं असतं. मी तुझ्या जागी असतो तर या बाईच्या पाया पडलो असतो.

पाया-बिया काही पडला नाही तो. बसस्टँडवर आल्यावर मात्र खाली बघत म्हणाला, "आत्या, मला दोनदा चक्कर आल्ती. एकदा विहिरीतच. आईला सांगितलं न्हाई. भरतीतून काढतील म्हणून."

माझ्या हातातला चहाचा ग्लास खाली पडला. सुहासिनीनं काचा गोळा केल्या. ते ऐकून मला कुणाची आठवण झाली ते मी तुला सांगितलेलं नाही. सांगेन.

गोळ्या त्याच्या खिशात आहेत. उद्या सकाळपासून रोज एक. तूही पट्टी काढून घे. आणि दादा, त्या दिवशी विहिरीवर काय झालं ते मला आता लिही. तुला सांगावंच लागेल. केससाठी नव्हे. औरंगाबादच्या डॉक्टरला तेवढं एकच हवं आहे.

दुर्गा


११ जून २००१

दुर्गे,

देवानंदनं सगळी पत्रं माझ्यापुढं टाकली अन् म्हणला, वाचा, न्हाईतर मी वाचून दाखवतो. मला लिहायची सवय न्हाई. चुकलं माकलं समजून घे.

सकाळी दोघींचं भांडण झाल्तं ते खरं हाय. तुझी वहिनी बोलली तेबी खरं. पण ते भांडण कढईवरून होतं अन् दुपारपर्यंत मिटलं होतं. दोघी एका ताटात जेवल्या. हे तुला कुणी सांगितलं न्हाई कारण तू कुणाला बोलू दिलं न्हाई.

ऊन लई होतं. मी विहिरीवर इंजनाला पाणी घालून राह्यलो होतो. केशर आली. म्हणली, दादा, अंगाची आग होऊन राह्यली, एक सूर मारते. लहानपणापासून मारायची. मी म्हणलं मार. तू तिथं होतास का म्हणून विचारलंस ना. मी तिथंच होतो. मीच मार म्हणलं. हसत हसत कासोटा घातला अन् उडी घेतली. वर आली, चार हात मारले, माझ्याकडं बघून काहीतरी म्हणली अन् मंग हात थांबले. मला वाटलं गंमत करून राह्यली. मी दहा आकडे मोजले असतील. तेच दहा आकडे मला अजून झोपू देत न्हाईत. मंग उडी टाकली. वर काढली तर पोटात पाणीबी नव्हतं. बुडालेल्या माणसाच्या पोटात पाणी राहतं ना दुर्गे? तिच्या न्हाई निघालं. तवा मला कळलं न्हाई, आता तुझ्या पत्रानं कळून राह्यलं.

तवा एवढंच सुचलं की सकाळचं भांडण आळीनं ऐकलंय. विहिरीतून काढली म्हणलं की पोलीस येणार, गिरिजाला नेणार. तिला सातवा महिना होता. बारा वर्षांनी पाळणा हलणार होता. देवानंद पोटात होता, दुर्गे. मी ओल्या धोतरानं पाटलाकडं गेलो अन् ताप म्हणून सांगितलं. बाबानं आत्याचं सांगितलं तसंच. तू यायच्या आत अग्नी दिला. तुला बहिणीचं तोंड दिसू दिलं न्हाई ते माझं पाप.

पण तू दहाव्याला बोललीस तवा गिरिजानं माझा हात धरला. म्हणली, खरं सांगू नका, बाईला गप करायला खरं सांगाल अन् पोलीस ऐकतील. तिला काय बोलायचं ते मलाच बोलू द्या. एकोणीस वर्षं आळीतल्या बायका तिच्या हातचं हळदीकुंकू घेत न्हाईत. ती एका शब्दानं मला बोलली न्हाई.

काल माझीबी पट्टी काढली. तुझ्यासारखीच निघाली. देवानंद गोळी घेतो. विहिरीवर पोरांना उतरू देत न्हाई, मी स्वतः बसून राहतो.

धर्मराज


भोकरदन,
१७ जून २००१

गिरिजावहिनी,

तुला वाचता येत नाही. म्हणजे हे दादालाच मोठ्यानं वाचावं लागणार, आणि मी तुझ्या नावानं मुद्दाम त्यासाठीच लिहिलं आहे. दादा, मधलं काही गाळू नकोस. थांबावंसं वाटलं तर पाणी पी आणि पुढं वाच.

वहिनी, मी मागच्या पत्रांत एक खोटं दोनदा लिहिलं. केशर माझ्याकडे ठणठणीत होती म्हणून लिहिलं. डॉक्टरला आठवत नाही म्हणाले. मला सगळं आठवतं. १९८० ची दिवाळी होती. आम्ही दोघी इथल्या स्टँडवर गाडी धरायला पळालो आणि केशर माझ्या डोळ्यांसमोर पडली. ओठ निळे पडले होते. मी तिला मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं उठली आणि हसली. आठ दिवसांनी तिला बघायला पाहुणे यायचे होते. स्थळ मीच आणलं होतं. मी तिला म्हणाले, हे कुणाला सांगशील तर तुझं लग्न व्हायचं नाही. आईलासुद्धा सांगायचं नाही. तिनं ऐकलं. ती माझं सगळं ऐकायची.

लग्न झालं आणि सासरी भांड्यांची उतरंड कोसळली त्या आवाजानं ती पडली. फिटची पोरगी गळ्यात बांधली म्हणून त्यांनी ती आणून सोडली. ती तुमच्या दारात सहा महिने बसून होती ती माझ्यामुळं. तेव्हा जरी मी तोंड उघडलं असतं, हिला पाण्यात जाऊ देऊ नका, जपा, एवढं जरी म्हटलं असतं, तरी दादानं मार म्हटलं नसतं.

दहाव्याला मी का एवढी ओरडले ते आता सांगते. केशरला तू मारलं असलंस तर मी मारलेलं नसणार, म्हणून. तुझ्या नावानं जितका मोठा आवाज करीन तितकं माझं झाकलं जाईल असं वाटलं. आणि झाकलं गेलंही. एकोणीस वर्षं तू माझं झाकण होऊन बसलीस आणि मी दर पंचमीला गावाकडच्या बायकांना तुझी खुशाली न विचारता माझी बाजू ऐकवत राहिले. त्याची मला लाज वाटते. क्षमा हा शब्द लिहून बघितला, पण तो पुरत नाही.

परवा एक कोरा कागद घेतला आणि रजिस्टरासारखे रकाने आखले. नंदा, सोळा वर्षं, फुगडी खेळताना. रखमाजी, बत्तीस वर्षं, बैलामागं पळताना. केशर, चोवीस वर्षं, पोहताना, भावासमोर, हसत. तिन्हींच्या पुढं कारण लिहिलं : हृदय. त्याखाली लिहिलं, कुणाच्याही बोलण्यानं नव्हे. खबर देणारा या रकान्यात तीनदा माझं नाव लिहून सही केली. औरंगाबादच्या डॉक्टरनं एक प्रत फाइलला लावली. दुसरी मी तुमच्या आळीत प्रत्येक घरी स्वतः वाचून दाखवणार आहे. तुझ्या हातचं कुंकू ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या घरी आधी.

पण त्यासाठी मला गावात यायला हवं, आणि दादाची शपथ मध्ये आहे. आपल्यात शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. घातली दादानं, पण घातली तुझ्यासाठी. तेव्हा सुटली म्हणायचा हक्क मी तुझा मानते. दादानं तुझ्याआधी म्हणू नये.

सव्वीस तारखेला, मंगळवारी, साडेदहाच्या एसटीनं मी आणि सुहासिनी वाटूर फाट्यावर उतरतो. तिला तिचा मामा पुन्हा बघायचाय. तू म्हणालीस तर देवानंदला फाट्यावर पाठव. चालत ये म्हणावं, पळत नको. तुझ्या तोंडून निघालं नाही तर मी तुला दोष देणार नाही. आम्ही तिथं बाराच्या गाडीपर्यंत थांबू आणि परत जाऊ, आणि पोराच्या गोळ्या पोस्टानं पाठवत राहीन.

तुझी नणंद,
दुर्गा